तारीख झाडाला विचारायची

४ मे २०१३ च्या सकाळी माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट छोट्या वांग्यासारखं फुगलं होतं. त्याच हातात पांढऱ्या फुलांच्या फांद्यांचा भारा घेऊन मी इंग्लंडमधल्या मेंडिपच्या टेकड्यांमधल्या एका कुरणावर पोचले. तिथे तीसेक माणसं बेल्टेन या मेच्या सुरुवातीच्या सणाची तयारी करत होती. कुणी लाकडं रचत होतं, कुणी मुलांच्या डोक्यावर वेलींची वेटोळी बसवून बघत होतं. आमच्या गटातल्या थोरल्या बाईंनी आधी भाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे, आणि विचारलं, "हे काय आणलंस गं? हा तर ब्लॅकथॉर्न."

सहा महिने मी एका झाडाच्या मागे होते. दर आठवड्याला त्याच्याकडे जात होते, वहीत नोंदी करत होते. आणि ज्या सणाला त्याची फुलं न्यायची, त्या सणाला भलत्याच झाडाची घेऊन आले होते.

मी मूळची कुडाळची. तेव्हा ब्रिस्टलला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये जंतुतपासणीचं काम करत होते. तिथला एक सहकारी महिन्यातून एका संध्याकाळी 'मूट'ला जायचा. मूट म्हणजे पेगन लोकांचा, ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गपूजेचे सण नव्याने पाळणाऱ्यांचा, पबमधला कट्टा. २०१२ च्या सप्टेंबरात त्याच्याबरोबर मी पहिल्यांदा गेले ती निव्वळ कुतूहलाने. काळे झगे, कवट्या असं काहीतरी डोक्यात होतं. प्रत्यक्षात एक बस ड्रायव्हर, दोन शिक्षिका, एक माळी, एक हिशेबनीस आणि चिप्सच्या बशा. अर्धा वेळ गाडी कुठे लावायची यावर चर्चा. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत आपला धर्म 'पेगन' असा लिहिणारे छप्पन्न हजारांहून जास्त निघाले. २०२१ मध्ये तो आकडा ७४ हजारांवर गेला. एवढ्या लोकांपैकी कवटी बाळगणारे फार नसावेत.

वर्षाचे आठ सण ते 'वर्षचक्र' म्हणून मानतात. साउइन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनसा हे चार आयर्लंड-स्कॉटलंडकडचे जुने ऋतुबदलाचे दिवस. बाकीचे चार सूर्याचे, म्हणजे दोन अयनदिन आणि दोन विषुवदिन. हे आठही एका चाकात बसवले गेले ते १९५० च्या दशकात. विक्का या आधुनिक चेटूकपंथाचा जेराल्ड गार्डनर आणि त्याचा मित्र, पुढे १९६४ मध्ये ड्रुइडांचा, म्हणजे जुन्या केल्टिक पुजाऱ्यांचा वारसा सांगणाऱ्यांचा, नवा संघ काढणारा रॉस निकोल्स, या दोघांच्या वर्तुळांतून ते पक्कं झालं. शरद-विषुवदिनाला 'मेबन' हे नाव तर १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसाने दिलं. माझे बाबा १९४८ चे. म्हणजे हे पंचांग बाबांपेक्षा लहान.

हे मला शोधून काढावं लागलं नाही. थोरल्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "आमच्यातलं कुणी 'पाच हजार वर्षांपासून' असं म्हणायला लागलं, की तू आपला ग्लास उचल आणि दुसऱ्या टेबलावर जा." झाडांना महिने वाटून देणारं जे 'केल्टिक वृक्षपंचांग' सगळीकडे मिळतं, तेही १९४८ साली रॉबर्ट ग्रेव्हज या कवीने कल्पनेतून रचलेलं, म्हणून बाईंच्या गटात त्याला मज्जाव होता. बाई सत्तरीच्या. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी वाक्यंच अशी फिरवायचे की हाक मारायची वेळ येऊ नये.

नवीन माणसाला बाई एकच काम द्यायच्या. साउइन ते साउइन, म्हणजे ३१ ऑक्टोबर ते ३१ ऑक्टोबर, एक झाड धरायचं. आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. पहिली दहा मिनिटं फोन खिशातून काढायचा नाही. पान, फूल, फळ काही घ्यायचं असेल तर आधी झाडाला विचारायचं, थोडंसंच घ्यायचं, आणि नाणी, रिबिनी, मेणबत्त्या असलं काही तिथे ठेवायचं नाही. पाणी घातलं तर चालेल.

झाडाला विचारायचं हे ऐकून मला हसू आलं नाही. आजीच्या तोंडचं "तिनसांज झाली, झाड निजलां, हात लावू नको" ऐकतच मी वाढले. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गटातल्या एक-दोघांना याचं भलतंच अप्रूप. "तुमच्याकडे तर हे सगळं अजून जिवंत आहे!" असं म्हणत ते डोळे मोठे करायचे आणि पुढच्याच वाक्यात योगातल्या चक्रांवर यायचे. कुडाळात माझ्या माहितीत चक्रांबद्दल कधी कुणी बोललेलं नाही. तिथे बोलतात ते राखणदाराबद्दल.

ओक, यू, रोवन ही भारदस्त झाडं इतरांनी आधीच घेतली होती. माझ्या वाट्याला हॉथॉर्न आलं, तेही डंड्रीच्या टेकडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक मला ठाऊक होतं म्हणून. खरं सांगायचं तर मी खट्टू झाले. हॉथॉर्न म्हणजे कुंपणाचं झाड. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथली सामाईक कुरणं बंदिस्त केली, तेव्हा मैलोन् मैल लावलेलं. आपल्याकडे निवडुंग किंवा शेर लावतात, तसलं. माझं झाड कुंपणातून सुटलेलं, एकटं, दोन पुरुष उंच, वाऱ्याने पूर्वेकडे कलंडलेलं.

"एकटं आहे ना? मग जपून," बाई म्हणाल्या. एकटं हॉथॉर्न परीलोकाचं, ते तोडायचं नाही, ही समजूत आयर्लंडमध्ये अजून पक्की आहे. १९९९ साली काउंटी क्लेअरमध्ये लटून इथे महामार्गाच्या वाटेत असंच एक झुडूप आलं. एडी लेनिहन या कथाकाराने ते तोडू नका म्हणून आवाज उठवला, आणि शेवटी ते वाचवून रस्ता झाला.

साउइनच्या रात्री बाईंच्या घरी मुक्याने जेवण झालं. टेबलावर एक ताट जास्तीचं, आपापल्या गेलेल्यांसाठी. कुणी एक शब्द बोलायचा नाही. तिथे मला सारखी खिडकीबाहेर बघायची इच्छा होत होती, कावळा आला का म्हणून. दुसऱ्या दिवशी वहीत पहिली नोंद केली: 'पानं जवळजवळ गेली. फळं लाल, सुरकुतलेली. काटे अंगठ्याच्या पेराएवढे. वास नाही.'

डिसेंबरात दाढीवाले एक गृहस्थ आम्हा चौघांना ग्लास्टनबरीला घेऊन गेले. तिथलं हॉथॉर्न वर्षातून दोनदा फुलतं, एकदा मेमध्ये आणि एकदा ऐन थंडीत. येशूला कबर देणारा अरिमथियाचा जोसेफ इथे आला, त्याने टेकडीवर काठी रोवली, तिला पालवी फुटली, ही दंतकथा. बी पेरून हा गुण उतरत नाही, म्हणून कलमं करत करतच हे झाड टिकवलंय. सेंट जॉन चर्चच्या आवारातल्या झाडाची फुललेली डहाळी दर नाताळाला राजघराण्याला जाते. आम्ही आधी वेअरीऑल टेकडीवर चढलो. तिथल्या झाडाच्या फांद्या डिसेंबर २०१० मध्ये कुणीतरी रातोरात छाटून टाकल्या होत्या. उरलं होतं ते लोखंडी कठड्यातलं खोड आणि कठड्याला बांधलेल्या शेकडो रिबिनी. नवसाचे धागे मी खूप पाहिलेत, पण भुंडक्या खोडाभोवती नायलॉनच्या झगझगीत फिती बघून घशाशी काहीतरी आलं. बाईंचा रिबिनींवरचा राग मला तिथे कळला. नायलॉन कुजत नाही. जिवंत झाडाला बांधलं तर वाढणाऱ्या फांदीत रुततं.

खाली उतरताना दाढीवाल्यांनी क्वेंटनची गोष्ट सांगितली. १७५२ साली ब्रिटनने नवं कॅलेंडर घेतलं. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. अकरा दिवस गायब. त्यामुळे नाताळही अकरा दिवस आधी आला. बकिंगहॅमशरमधल्या क्वेंटन गावात ग्लास्टनबरीच्या झाडाचं कलम म्हणून मानलं जाणारं एक झाड होतं. २४ डिसेंबरच्या रात्री कंदील आणि मेणबत्त्या घेऊन दोन हजारांवर माणसं त्याच्याभोवती जमली. झाड फुललं तर हा नाताळ खरा. झाडावर कळीसुद्धा दिसली नाही. लोकांनी एकमुखाने ठरवलं की सरकारचा नाताळ खोटा, आणि दुसऱ्या दिवशी चर्चला जायला नकार दिला.

मला ही माणसं फार आवडली. २०१२ मध्ये आमच्याकडे अधिक भाद्रपद आला होता. दिवाळी पार १३ नोव्हेंबरला गेली, आणि फोनवर आईचं चाललं होतं, "अधिक आला की सगळंच पुढे ढकलतं." तिच्या तोंडी तक्रार नव्हती. तारखेने थोडं थांबायचं असतं, एवढंच.

मिसलटो या इथल्या बांडगुळाबद्दल लिहायचं तर बरंच आहे, रोमन लेखक प्लिनीने सांगितलेल्या ड्रुइडांच्या सोन्याच्या विळ्यापासून टेनबरी वेल्स गावातल्या त्याच्या लिलावापर्यंत. पण माझा त्याच्याशी संबंध एवढाच की सफरचंदाच्या बागेत मी त्याची फळं बोटांनी चिरडली आणि तो चिकट बलक निघता निघेना. पक्षी चोच फांदीवर घासतात आणि बी तिथेच चिकटून रुजतं, हे त्या दिवशी वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही. आपलं बांडगूळ असंच करतं.

१७ जानेवारीची रात्र मात्र सविस्तर सांगायला हवी.

हा वॅसेलचा, सफरचंदाच्या झाडांची खुशाली मागायचा दिवस. जुन्या कॅलेंडरातली नाताळानंतरची बारावी रात्र. सॉमरसेटमधल्या कारहॅम्प्टनसारख्या गावांनी १७५२ नंतरही तारीख सोडली नाही. क्वेंटनच्या लोकांचे भाऊबंदच म्हणायचे. वॅसेल हा शब्दच मुळी 'बरा राहा', 'खुशाल अस' या अर्थाच्या जुन्या बोलातून आलेला. त्यात पेगनच येतात असं नाही. शेतकरी, पबवाले, शाळेतली मुलं, गावचा पाद्री, सगळे असतात. आम्ही ज्या बागेत गेलो तिथे शंभरेक माणसं होती. हाडं गोठवणारी थंडी, हवा साफ थांबलेली. दुसऱ्या दिवशी ब्रिस्टलवर बर्फ कोसळला आणि बसगाड्या बंद पडल्या. त्या रात्री ते फक्त वासाने कळत होतं.

बागेतल्या सर्वांत जुन्या झाडाभोवती सगळे उभे राहिले. सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या दारूत, बुडवलेले टोस्टचे तुकडे एका लहान मुलीने, तिच्या बापाने तिला खांद्यावर घेतल्यावर, फांद्यांच्या बेचक्यांत ठेवले. हे रॉबिन पक्ष्यांसाठी. ते झाडाचे राखणदार. घमेल्यासारख्या एका मोठ्या भांड्यातला गरम सायडर मुळांत ओतला. मग चिंध्यांचा अंगरखा घातलेला, तोंडाला काळं फासलेला एक आडदांड माणूस झाडासमोर उभा राहिला आणि त्याने झाडाशी बोलायला सुरुवात केली. गेल्या वर्षी तू फार कमी दिलंस. पाऊस फार झाला, आम्हाला ठाऊक आहे. पण यंदा दे. टोप्या भरू दे, पोती भरू दे, जिन्याखालचा कोपरा भरू दे. प्रत्येक मागणीनंतर जमाव ओरडून होकार भरायचा.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता. हे तर गाऱ्हाणं होतं. "बा देवा म्हाराजा" म्हणून आमचा गावकर देवासमोर उभा राहतो, चुकी-माकी पोटात घाल म्हणतो, काय हवं ते एकेक करून मागतो, आणि दर वाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. तीच लय, तेच थांबे. देवाशी भांडायचा तोच हक्क. पुढच्या मागणीला शंभर इंग्रजांच्या ओरड्यात मी "व्हय म्हाराजा" मिसळून दिलं. कुणाला कळलं नाही. शेजारचा लॅबवाला सहकारी मात्र माझ्याकडे बघत राहिला.

नंतर फांद्यांमधून आकाशाकडे बंदुकीचे बार काढले, डबे-पातेली बडवली, वाईट शक्ती पळवायला आणि झोपलेलं झाड जागं करायला. घरी पोचेतो दीड वाजला. कपड्यांना सायडर, बार आणि धूर यांचा एकत्र वास.

त्या रात्रीनंतर काही महिने माझं झाड मला मिळमिळीत वाटत राहिलं. इम्बोल्कला आम्ही ओल्या लव्हाळ्यांचे, आयरिश संत ब्रिजिडच्या नावाचे क्रॉस विणले. माझा वाकडा झाला. बर्फातून वर आलेले स्नोड्रॉप बघितले. मार्च इतका गार गेला की वसंत-विषुवदिनाला हातमोजे काढायची हिंमत झाली नाही. वहीतली पानं बघा: '२ मार्च. काही नाही.' '१६ मार्च. कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, बंद.' '३० मार्च. तेच.' २०१३ चा वसंत ब्रिटनमधला पन्नासेक वर्षांतला सर्वांत थंड वसंत ठरला. एरवी मार्चमध्ये येणारी पानं माझ्या झाडावर एप्रिल अर्धा सरल्यावर आली. ती कोवळी पानं इथली मुलं पूर्वी येता-जाता तोडून खायची, त्यांना 'ब्रेड अँड चीज' म्हणायची. मी दोन खाल्ली. ब्रेड नाही, चीज नाही. कोवळ्या टाकळ्याच्या जवळपास काहीतरी.

बेल्टेनला हॉथॉर्नच्या फुलांची कमान करायची आणि ती फुलं मी आणायची, असं हिवाळ्यातच ठरलं होतं. हॉथॉर्नच्या फुलाचं इथलं नावच 'मे'. १ मेच्या पहाटे रानात जाऊन 'मे' घेऊन यायचं, दाराला लावायचं, ही जुनी इंग्रजी रीत. पण ती रीत पडली तेव्हाची १ मे म्हणजे आजची मेच्या मध्याच्या आसपासची तारीख. कॅलेंडर पुढे सरकलं, झाड होतं तिथेच राहिलं. उबदार वर्षी जमूनही जातं. त्या वर्षी ३० एप्रिलला माझ्या झाडावर घट्ट हिरव्या कळ्या होत्या, मोहरीएवढ्या.

क्वेंटनची गोष्ट मला पाठ होती. ती ऐकून मी खूश झाले होते. तरीही मी काय केलं? शुक्रवारी कामावरून सुटल्यावर सायकल काढली आणि फुलं शोधत फिरले. दक्षिणेकडे तोंड असलेल्या एका बांधावर, ऊन जास्त मिळतं तिथे, पांढरंशुभ्र कुंपण दिसलं. काटे आहेत, पाच पाकळ्या आहेत, झालं. दिवेलागण झाली होती. झाडाला विचारलं नाही. आजीची आठवणसुद्धा झाली नाही. भराभरा कापत सुटले, आणि एक काटा बोटाच्या सांध्यात आत गेला.

फरक पोरसुद्धा सांगेल. ब्लॅकथॉर्नला आधी फुलं येतात, नागड्या काळ्या फांद्यांवर, आणि मग पानं. हॉथॉर्नचं उलट, आधी पानं मग फुलं. माझ्या भाऱ्यात एकही पान नव्हतं. मी सहा महिने नोंदी करत होते आणि नेमकं हेच बघितलं नव्हतं, कारण माझ्या झाडाने अजून मला फूल दाखवलंच नव्हतं.

ब्लॅकथॉर्नबद्दलची समजूत अशी की तो अशुभ, त्याचा काटा टोचला की जखम चिघळते. लॅबमधल्या माणसाला हे थोतांड वाटायला हवं. पण ब्लॅकथॉर्नचा काटा टोकाला मोडून आत राहतो, सांध्यात सूज धरतो, आणि काट्यांच्या जखमांच्या संदर्भात पँटोइया अॅग्लोमरन्स या जंतूचं नाव आम्ही नेहमी ऐकतो. लोकांनी जंतू बघितला नव्हता, बोट बघितलं होतं. सोमवारी बँक हॉलिडे होता, मंगळवारी एका डॉक्टरने तो तुकडा काढला. दहा दिवस अँटिबायोटिक.

कुरणावर बाई रागावल्या नाहीत. त्या खदखदून हसल्या, आणि त्याचंच मला जास्त लागलं. भारा बाहेर कुंपणापाशी ठेवायला लावला. कमान झाली ती हॉथॉर्नच्या नुसत्या हिरव्या डहाळ्यांची, मधे प्रिमरोझ. दोन होळ्या पेटवल्या. पूर्वी आयर्लंडमध्ये दोन आगींच्या मधून गुरं हाकत, रोगराई जावी म्हणून. आमच्याकडे गुरं नव्हती, दोन लॅब्राडोर होते, ते कुठल्याही आगीतून जायला तयार नव्हते. माणसं गेली. जोड्या हात धरून विझत्या आगीवरून उड्या मारत होत्या. एडिनबराच्या कॅल्टन हिलवर १९८८ पासून हाच सण हजारोंच्या गर्दीत, ढोल आणि रंगवलेल्या अंगांनी होतो. आमच्याकडे तो पावणेसहाला आटोपला, कारण मुलांना भूक लागली.

निघताना बाई म्हणाल्या, "तुझी बेल्टेन अजून व्हायची आहे. फुललं की जा."

दाढीवाल्यांनी गाडीत बसता बसता आणखी एक सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. क्वेंटनची ती बातमी १७५३ च्या मासिकात छापून आली, त्यात त्या झाडाला 'ब्लॅकथॉर्न'च म्हटलंय.

माझं झाड फुललं मेच्या तिसऱ्या आठवड्यात. आदल्या शनिवारी चार-सहा कळ्या उकललेल्या होत्या. पुढच्या गुरुवारी रात्रपाळी संपवून सकाळी सहाला थेट तिकडे गेले, तर पायवाटेच्या वळणावर उभीच राहिले. झाड दिसतच नव्हतं, दिसत होता तो नुसता पांढरा ढीग. प्रत्येक फांदी वजनाने खाली आलेली. परागकोश गुलाबी. मधमाश्यांचा आवाज वीस पावलांवरून ऐकू येत होता. आणि वास.

या वासाबद्दल मी बरंच ऐकलं होतं. हॉथॉर्नची फुलं घरात आणली तर मरण येतं. फुलांना प्लेगच्या वेळच्या लंडनचा वास येतो. यामागे रसायन आहे. फुलांत ट्रायमिथाइलअमीन असतं, आणि मांस सडायला लागलं की तेच तयार होतं. पूर्वी माणूस गेला की प्रेत काही दिवस घरातच असायचं, त्या खोलीचा वास लोकांच्या नाकात बसलेला होता. मी तयारीने श्वास घेतला.

मला मरण आठवलं नाही. मला आठवला कुडाळचा बुधवारचा आठवडाबाजार, सुक्या मासळीची रांग. सोडे, सुकट, खारा बांगडा. ट्रायमिथाइलअमीन मासळीचाही वास आहेच, फक्त मला शब्दच माहीत होता. आईचा हात धरून त्या रांगेतून जाताना नाक दाबायची मी, आणि ती टप्पल मारायची. त्या झाडाखाली उभी राहून मी चक्क रडले. परक्या देशातल्या कुंपणाच्या झाडाने सहा महिने काही दिलं नाही आणि मग एकदम हे.

हात गवतावर फिरवून दव तोंडाला लावलं, ती इथली मेची रीत. मग झाडाला विचारलं, मोठ्याने, मालवणीत. एक डहाळी घेतली.

मी भाड्याने राहायचे त्या घराच्या मालकीणबाई अठ्ठ्याहत्तरच्या. दर रविवारी चॅपलला जाणाऱ्या, पेगनांचं नाव काढलं की ओठ घट्ट मिटणाऱ्या. दार त्यांनीच उघडलं. माझ्या हातातली डहाळी बघितली आणि दारात हात आडवा घातला.

"ते आत नाही."

मी म्हटलं, "एवढीशी तर आहे."

"तुझी आई आहे ना अजून?"

हे त्या धमकीच्या सुरात बोलल्या नाहीत. बसचं तिकीट आहे ना, तसं विचारलं. त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं, हे फूल घरात आलं की आई जाते. मी वर्षभर लोककथा गोळा करत तीस जणांबरोबर फिरले. त्यातल्या एकालाही या फुलाची खरीखुरी भीती नव्हती. ती होती या बाईंना, ज्यांचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. मी काय करणार? डहाळी बाहेर पायरीवर दुधाच्या बाटलीत ठेवली. आणि त्या संध्याकाळी आईला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले असतानाही. "झोपमोड केलंस," म्हणाली. मी म्हटलं, सहज.

उन्हाळा लवकर सांगते. जूनमध्ये एल्डरची फुलं तोडून सरबत केलं. एल्डरमध्ये म्हातारी राहते, तिची परवानगी घेतल्याशिवाय फांदी तोडायची नाही, लाकूड जाळायचं तर नाहीच. या वेळी मी दोनदा विचारलं. लूनसाला नव्या गव्हाचा पाव झाला, शेवटच्या पेंढीची बाहुली विणायचा माझा प्रयत्न ब्रिजिडच्या क्रॉसच्याच वाटेने गेला. जुलैभर ऊन तापलं. उशिराचा वसंत आणि कडक उन्हाळा झाडाला मानवला असावा, कारण सप्टेंबरअखेर माझं हॉथॉर्न लालभडक झालं होतं. मी त्याला विचारून, पक्ष्यांना ठेवून, दोन किलो फळं आणली.

२८ ऑक्टोबरला दक्षिण इंग्लंडला वादळाने झोडपलं. आमच्याकडे तडाखा कमी होता, तरी एक फांदी मोडून पायवाटेवर पडलेली मिळाली. ती मी वाटेच्या कडेला सरकवली, घरी आणली नाही. साउइनला बाईंनी वही वाचायला घेतली. पहिल्या पानावर 'वास नाही' लिहिलं होतं, तिथे थांबल्या आणि हसल्या, पण मेच्या वेळेसारखं नाही.

त्याआधीच्या रविवारी मी त्या फळांची चटणी केली होती. हॉथॉर्नच्या फळात गर थोडा, बिया मोठ्या. हाताने कुस्करून चाळणीतून गाळला की तो गर आपोआप, आच न देता, पाच-दहा मिनिटांत थिजतो, इतकं पेक्टिन त्यात. गूळ मिळाला नाही, तपकिरी साखर, व्हिनेगर, मिरी आणि घरून आणलेली दोन आमसुलं घातली. स्वयंपाकघर मालकीणबाईंचं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पातेल्यात डोकावल्या, आणि मला वाटलं आता हेही बाहेर.

"फुलं नकोत," त्या म्हणाल्या. "फळांचं काही नसतं." मग चमचा काढला. "बिया सगळ्या गाळल्यास ना? त्या पोटात जाऊ द्यायच्या नाहीत."